जाहिरातीतला शेठ आणि आमचे दाजी

आमच्या दाजींना लोक काय काय म्हणाले ते मी ऐकलंय, आणि बरंचसं तोंडावर ऐकलंय, कारण त्या दिवसांत त्यांच्या घराचं दार मीच उघडायची. कसाई म्हणाले. काळजाच्या जागी दगड आहे म्हणाले. एका बाईने तर पाकिटात कुत्र्याचे केस घालून पाठवले, ते कशासाठी हे तिचं तिलाच ठाऊक. म्हणून ठरवलं की हा माणूस कोण आणि झालं काय, ते एकदाचं नीट सांगून टाकावं. मी त्यांची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. म्हणजे मी त्यांची बाजू घेणारच, असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणावं. माझं आणि दाजींचं वर्षातले सहा महिने पटत नाही.

दाजी आधी विजेचे मीटर वाचायचे. घरोघर जायचं, जिन्याखालचं कपाट उघडायचं, आकडा टिपायचा, पुढचं दार. या नोकरीत वीज कमी आणि कुत्री जास्त. बाकीचे मीटरवाले हातात काठी घेऊन फिरायचे. दाजी दारात उकिडवे बसायचे आणि कुत्र्याकडे चक्क पाठ करायचे. कुत्रं यायचं, हुंगायचं, दोन मिनिटांत कंटाळायचं, की दाजी आत. ताईने घरी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने विचारलं, मुलगा करतो काय. ताई म्हणाली, सरकारी नोकरी आहे आणि कुत्र्यांमध्ये त्याला फार मान आहे. आई आठवडाभर येईल-जाईल त्याला हे सांगून हसत होती.

एका बंगल्यात दाजी मीटर बघायला गेले, तर आत टॉवेलच्या जाहिरातीचं शूटिंग चाललेलं. पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर एका कुत्र्याने शांत बसायचं होतं, आणि ते काही बसत नव्हतं. सगळे त्याच्या नावाने ओरडून घसा कोरडा करून बसलेले. दाजी म्हणाले, मला जिन्याखाली जाऊ द्या, मग याला बसवून देतो. बसवून दिलं. जाताना कुणीतरी फोन नंबर मागितला. वर्षभरात दाजींनी कायमची नोकरी सोडली. आमचे वडील त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. 'पोरीला मांजरांच्या हवाली केली,' एवढं एकच वाक्य ते भिंतीकडे बघून म्हणायचे.

बंद पडलेल्या टायरच्या दुकानामागे तीन खोल्या आणि मागे फरशीचं अंगण, अशी जागा दाजींनी राहायला आणि कामाला मिळून भाड्याने घेतली. तिथे एक ससा, एक बदक, अगदी एकसारख्या दिसणाऱ्या दोन मांजरी आणि मागाहून शेठ. मांजरी दोन, कारण एक झोपली की दुसरी कामाला. टीव्हीवर तुम्ही जी एक मांजर उडी मारताना आणि तीच दूध पिताना बघता, ती बहुतेक वेळा एक नसते. जाहिरातवाल्यांचा हिशेब सरळ असतो. मालात सांगण्यासारखं काही नसलं की बाळ दाखवायचं. बाळ रडतं, त्याची आई भांडते, म्हणून मग पिल्लू दाखवायचं. विम्याला ससा, नळाला बदक, पंख्याला मांजर. सशाचा आणि विम्याचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. दाजी म्हणाले, माझा संबंध सशाशी आहे, विम्याशी नाही.

कामात त्यांचा एक नियम होता. शॉट संपला की जनावराला एक ठरलेला शब्द सांगायचा. तो शब्द ऐकला की जनावराला कळतं, काम संपलं, आता मी मोकळा. तो येईपर्यंत बसायचं म्हणजे बसायचं. हा शब्द दाजी सेटवर कुणाला कळू द्यायचे नाहीत. का, तर सगळ्यांना कळला की चहावालासुद्धा गंमत म्हणून ओरडणार, आणि मग त्या शब्दाला काही किंमत राहत नाही. शब्द दोघांनाच माहीत, त्यांना आणि ताईला. एक जण कॅमेऱ्याच्या बाजूला, दुसरा जनावराजवळ, असं ते दोघं काम करायचे. मला सख्ख्या मेहुणीला त्यांनी तो कधी सांगितला नव्हता. मला त्याचा राग होता आणि अजूनही आहे.

शेठ म्हणजे कुत्रा. मातकट रंगाचा, एक कान पांढरा, तोंड जन्मजात दुःखी. एका घरातल्या मंडळींना तो पिल्लूपणीच नकोसा झाला, म्हणून दाजींनी आणला. आला त्या दिवशी सरळ चांगल्या खुर्चीत जाऊन बसला आणि आमच्याकडे असा बघायला लागला, की जणू आम्हीच कामासाठी त्याच्या दारात आलोय. म्हणून शेठ. दाजींनी त्याला फार काही शिकवलं नाही. बस, ये आणि थांब. पण 'थांब' असं शिकवलं होतं की अंगणात त्याच्या नाकासमोरून बदक गेलं तरी तो फक्त डोळे फिरवायचा.

तर ती गाडीची जाहिरात. मोठी, सात माणसांची गाडी. एक कुटुंब घर बदलतंय. त्यांची जुनी गाडी छोटी, सामान कोंबून भरलेलं, पोरांच्या मांडीवर उशा नि कुंड्या. कुत्र्याला जागाच उरत नाही. बाप त्याला रस्त्याच्या कडेला बसवतो, थांब म्हणतो, आणि गाडी निघून जाते. कुत्रा बघत राहतो. मग पडदा काळा होतो आणि अक्षरं येतात, कुणाला मागे सोडायची वेळ येऊ नये. आणि मग ती मोठी गाडी. मी दाजींना विचारलं, हे बघून लोक गाडी घ्यायला जातील की हातात दगड घेतील? दाजी म्हणाले, त्यांना दोन्ही चालेल असं दिसतंय.

शूटिंगच्या दिवशी ताईची दाढ काढलेली, गाल सुजून टम्म. म्हणून मी गेले. मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते, मला कुत्र्यांतलं काय कळतं. दाजींनी मला पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं, टॉवेल कधी द्यायचा, सगळं सांगितलं. शब्द नाही सांगितला. गाडीच्या मागच्या सीटवर, खोक्यांखाली ते स्वतः लपणार होते, कारण नटाची गाडी गेली काय आणि राहिली काय, शेठला त्याचं सोयरसुतक नाही. त्याचं माणूस त्या गाडीत चढताना त्याला दिसलं तरच तो तिच्याकडे बघणार. गाडी वळणापलीकडे थांबेल, मी भिंतीमागून चालत येतो आणि त्याला सोडवतो, दोन मिनिटांचं काम, असं ते म्हणाले. स्वतः गाडीत बसायचं आणि जनावराजवळ शब्द माहीत असलेलं कुणी ठेवायचं नाही, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

रस्ता नव्या वसाहतीतला होता. दोन्हीकडे इमारती, पण राहायला कुणी आलेलं नाही. संध्याकाळचा उजेड. गाडी गेली, वळली, दिसेनाशी झाली. शेठचे कान उभे. मी भिंतीकडे बघत राहिले. दाजी काही येईनात.

डिरेक्टरने ड्रायव्हरला आधीच वेगळं सांगून ठेवलं होतं. वळणावर थांबायचं नाही, पुढे पुलापर्यंत जायचं, आणि मी कानातल्या यंत्रावर सांगेपर्यंत फिरायचं नाही. दाजी आत खोक्यांखालून ओरडत होते, सीटवर बुक्के मारत होते. ड्रायव्हर म्हणे, दादा, वरून ऑर्डर आली नाही, मी फिरवली तर माझी नोकरी जाईल. दाजींचा फोन माझ्या पिशवीत होता.

इकडे शेठ बसला होता. लांबून कुठल्याही गाडीचा आवाज आला की अर्धा उठायचा, मग त्याला आठवायचं, पुन्हा बसायचा. मी हाका मारल्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. मेकअपवाली बिस्किटं घेऊन गेली, त्याने तोंड फिरवलं. शेवटी मी गेले आणि पट्ट्याला धरून ओढायला लागले. डिरेक्टर ओरडला, बाई, फ्रेममधून बाहेर व्हा. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शेठच उठेना. सगळा भार खाली टाकून बसला, आणि मी जोर केला तेव्हा माझ्यावर गुरगुरला. माझ्या हातची पोळी मागून खाणारा कुत्रा. मी पट्टा सोडला. तो सरकून बरोबर आपल्या जागेवर गेला आणि बसला.

कॅमेरा चालूच होता. लाइटवाला माणूस मान खाली घालून उभा होता. डिरेक्टरच्या डोळ्यांत पाणी, आणि ते आनंदाचं. सोनं आहे, सोनं आहे, एवढंच तो पुटपुटत होता.

अंधारायला लागलं तेव्हा गाडी आली. दाजी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले आणि धावत आले. शब्द होता 'दुकान बंद'. असला शब्द, आणि त्याचं एवढं गुपित. त्यांनी तो म्हटला. शेठ उठला नाही. पुन्हा म्हटला. तरी नाही. मग दाजी तिथेच रस्त्यावर त्याच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्याने त्यांचा हात हुंगला, उभा राहिला, आणि उभ्या उभ्याच मुतला. आमच्या व्हॅनमध्ये तो चढेना, उचलून घ्यावा लागला.

डिरेक्टर आला, त्याने दाजींना मिठी मारली. बघाल तेव्हा माझे आभार मानाल म्हणाला. मला वाटलं, आता दाजी त्याच्या थोबाडीत देणार. नाही दिली. घरी येताना मी तणतणत होते, तर म्हणाले, चूक माझी आहे, गाडीत बसायचं नसतं. असा माणूस. भांडायला पाहिजे तिथे मूग गिळून बसणार.

जाहिरात बातम्यांच्या आधी लागायला लागली आणि घराघरात रडारड सुरू झाली. लहान मुलं जेवेनात. शाळेतल्या बाईंनी वर्गात विषय काढला. शोरूमसमोर लोक फलक घेऊन उभे राहिले. टीव्हीवर चार माणसं बसून तासभर भांडली, आणि भांडताना मागे शेठचा तोच चेहरा, पुन्हा पुन्हा. कंपनीने माफी मागितली. ती माफीसुद्धा पानभर, आणि तिच्यात पुन्हा शेठचा फोटो. ज्यांनी आयुष्यात गाडी घेतली नव्हती आणि घेणारही नव्हते, त्यांनासुद्धा त्या गाडीचं नाव पाठ झालं.

एजन्सीचा एक माणूस होता, त्याला आम्ही घरात गोडबोल्या म्हणायचो. तो केक घेऊन आला. इतकं यश कधी मिळालं नव्हतं, म्हणाला. लोक चिडलेत ना, असं ताई म्हणाली. तर म्हणतो, वहिनी, चिडलेत म्हणजे बघतायत. दोन दिवसांनी कंपनीने जाहीर केलं की जनावराची सगळी जबाबदारी परवानाधारक प्रशिक्षकाची होती. म्हणजे केक त्यांचा आणि खापर दाजींच्या डोक्यावर. मग सुरू झालं कसाई वगैरे. समोरच्या इमारतीतल्या बाई, ज्यांच्या मांजरीला दाजींनी स्वतःच्या हाताने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं, त्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं. मी त्या दिवसांत शिवणयंत्र ताईकडेच आणून ठेवलं, कारण दाराशी कुणी आलं तर उत्तर द्यायला माणूस पाहिजे. उत्तर द्यायला मी कधी कमी पडत नाही.

तक्रार प्राणी खात्याकडे गेली. जनावरं शूटिंगला न्यायचा परवाना ते देतात आणि काढूनही घेतात. परवाना गेला की दाजींच्या हातात काही राहत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तक्रार करणाऱ्या एका बाई होत्या, अंगावर प्राणीप्रेमाचे इतके बिल्ले की चालताना वाजायच्या. कंपनीच्या वकिलाने दाजींना उत्तर पढवून ठेवलं होतं. कुत्रा शिकवलेला आहे, तो अभिनय करत होता, त्याला काहीही त्रास झाला नाही. एवढं म्हणा आणि गप्प बसा.

मीही गेले होते. लांब टेबल, पलीकडे अधिकारी बाई. शांत होत्या. त्यांनी दाजींना एकच विचारलं, तो अभिनय करत होता का?

दाजींनी घसा साफ केला. "मी त्याला थांब म्हटलं होतं, म्हणून तो थांबला. शिकवलेलाच आहे तो. पण मी परत येणार हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, मी गेलो. तो चेहरा खरा आहे."

वकिलाने डोक्याला हात लावला. अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही हे बोललात म्हणजे मला परवाना काढून घ्यावा लागेल, तक्रार मागे घेतली गेली तरच वेगळं. बाहेर आल्यावर मी दाजींना म्हटलं, हरिश्चंद्राचे अवतार आहात. मला खरं तर त्यांचा अभिमान वाटत होता, पण तेव्हा ते सांगायचं सुचलं नाही.

चार-सहा दिवसांत बिल्लेवाल्या बाई घरी आल्या. शेठ खुर्चीत लोळत होता. त्याला बघून त्या रडायलाच लागल्या, त्याच्या गळ्यात पडल्या. मी म्हटलं, बघा, आहे तो घरी, खातोय, पितोय, झालं ना? तर म्हणाल्या, पण लोकांना कुठे माहीत आहे? लोकांनी त्याला परत येताना बघितलं पाहिजे. तेवढ्यात गोडबोल्या आला. म्हणजे त्यांचं आधीच ठरलेलं. दोघे एकाच सोफ्यावर बसले, मी शिवलेल्या कव्हरवर, आणि एकमेकांची वाक्यं पुरी करायला लागले. दुसरी जाहिरात करायची. तोच रस्ता, तोच उजेड, तोच कुत्रा बसलेला, तोच चेहरा. मग ती मोठी गाडी येते, दार उघडतं आणि त्याला घरी नेतात. सगळा देश शांत झोपेल. बाई तक्रार मागे घेणार, परवाना राहणार, आणि कंपनी पुढची कामंही दाजींनाच देणार.

कुणी तरी काही तरी खोटं बोलावं, कुणाचं तरी वाईट व्हावं, असं त्यात काहीच नव्हतं. मला ते पटलं, हे मी लपवणार नाही. ताईला तर पटलंच पटलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ताई विषय काढून बसली. ती भांडली नाही, नुसती बोलत गेली. या वयात दुसरं काम कोण देणार. या प्राण्यांच्या तोंडात काय घालायचं. घरमालक आत्ताच नाक मुरडतोय. आणि करायचं काय, तर एक दिवस, एक संध्याकाळ. मी म्हटलं, दाजी, या वेळी तुम्ही त्याला दिसाल असे उभे राहा, म्हणजे प्रश्नच मिटला. दाजी म्हणाले, मी दिसलो तर तो चेहरा येत नाही. मी म्हटलं, मग ताईला जवळ उभी करा, मला शब्द माहीत आहेच आता, आम्ही दोघी उभ्या राहू. माझ्याकडे सगळ्याची उत्तरं होती.

दाजी उठले. शेठला घेऊन मागच्या अंगणात गेले आणि आम्हाला खिडकीशी बोलावलं. त्याला फरशीवर बसवलं, थांब म्हणाले, आणि नुसते अंगणाच्या दारापर्यंत गेले. दार उघडलंही नाही. पलीकडे नळ, कपडे वाळत घातलेले, बदक झोपलेलं. दाजी चार पावलांवर, दिव्याच्या उजेडात, त्याला दिसत होते.

शेठ बसला होता. हलला नाही. पण त्याचे पुढचे पाय थरथरत होते, मग मागचे, आणि मग सगळं अंग. तोंडातून लाळ गळत होती. तरी जागचा हलला नाही, अगदी शिकवलं होतं तसा. दाजींनी लगेच शब्द म्हटला, जाऊन त्याला जवळ घेतलं, आणि तसेच आत आले.

ताई म्हणाली, "उठून पळत का नाही तो? पळाला असता तर त्यांना सांगता आलं असतं, की आता नाही करत म्हणून."

"पळणार नाही," दाजी म्हणाले. "मी पुन्हा रस्त्यावर बसवला, तरी बसेल. रात्रभर बसवला तरी बसेल. त्याने नाही म्हणायची मी वाट बघतोय गं, रोज बघतोय. तो म्हणत नाही. मग मला म्हणायला नको?"

आणि ते रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. शोरूमसमोर त्यांचा पुतळा जाळला तेव्हाही नाही. मला कुठे बघावं कळेना, मी उगीच भांडी आवरायला लागले.

सकाळी फोन ताईने केला. दाजींनी तिला सांगितलं नव्हतं. गोडबोल्याला तिने अहो-जाहो करून, एक शब्द वाकडा न बोलता, नाही म्हणून सांगितलं. तो बराच वेळ समजावत होता. परवाना जाईल, वहिनी, असं तो म्हणाला ते मला शिवणयंत्रापाशी ऐकू आलं. ताई म्हणाली, जाऊ दे. मग फोन ठेवला. तिलाही ते सोपं गेलं नव्हतं.

परवाना गेला. ससा आणि मांजरी दाजींच्या ओळखीच्या एका प्रशिक्षकाने नेल्या. बदकाला कुणी घेतलं नाही, ते आहे. व्हॅन विकली. दाजी आता कुत्र्यांना आंघोळ घालायचं एक दुकान आहे तिथे जातात. दिवसभर ओल्या कपड्यांत, कंबर वाकवून, आणि मालक त्यांच्याहून निम्म्या वयाचा. मी म्हणते, शेवटी सगळ्या कुत्र्यांची सेवा नशिबी आली. ते म्हणतात, निदान मीटर वाचावे लागत नाहीत.

दुसरी जाहिरात निघालीच. कंपनीचं काय अडतंय. दुसऱ्या कुणाचा तरी मातकट कुत्रा आणला, कानाला पांढरा रंग लावला. मोठी गाडी आली, दार उघडलं, पोरं उतरून त्याच्या गळ्यात पडली. लोकांचा जीव भांड्यात पडला. कुत्रा वेगळा आहे हे एकालाही कळलं नाही, बिल्लेवाल्या बाईंनासुद्धा नाही, ज्या आमच्या सोफ्यावर त्याला मिठी मारून रडल्या होत्या. त्यांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की हा जनतेचा विजय आहे.

त्याच आठवड्यात संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या बाई दाराशी आल्या, कुत्र्याच्या बिस्किटांचं पाकीट घेऊन. दार मीच उघडलं. जुन्या सवयीने माझी जीभ तयारच होती, पण ताई मागून आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. बाईंचे डोळे भरलेले होते.

"बघितलं मी काल," बाई म्हणाल्या. "इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. केवढी गाडी आली हो त्याला न्यायला. कुठाय तो? मला भेटू दे एकदा."

ताई म्हणाली, "येतच असतील दोघं. आमचा गाडीत नाही बसत आता. यांच्याबरोबर सकाळी चालत जातो आणि संध्याकाळी चालत येतो."

"त्या दुकानापासून?" बाईंना खरं वाटेना. "अहो, केवढं लांब आहे ते. यांना बस नाही का मिळत?"

"बस मिळते," ताई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.